जुन्या नेटवर्कमधली केबलची सरमिसळ: दोष कसा शोधायचा आणि काय कशाला जोडायचं

बीएनसी (फिरवून अडकवायचा गोल) कनेक्टर लावलेली कोॲक्स केबल, म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली, जुन्या इमारतींत तीन प्रकारची सापडते. तिन्ही बहुधा काळ्या, गोल आणि लांबून पाहिल्या तर एकसारख्याच. आरजी-५८ इथरनेटची, ५० ओहमची. आरजी-५९ टीव्ही-व्हिडिओची, ७५ ओहमची. आरजी-६२ आर्कनेट या जुन्या नेटवर्कची आणि जुन्या टर्मिनलांची, ९३ ओहमची. हा ओहमचा आकडा म्हणजे केबलची इम्पीडन्स, धावत्या सिग्नलला होणारा तिचा विरोध. तिन्ही एकाच टी-कनेक्टरमध्ये बिनबोभाट बसतात. इथरनेट मात्र पहिलीवरच नीट चालतं. बाकी दोघींपैकी एकीचा तुकडा मध्ये आला की नेटवर्क कधी चालतं, कधी अडखळतं, आणि कार्ड बदल, ड्रायव्हर बदल करण्यात दिवस निघून जातो.

ट्विस्टेड पेअर आणि फायबरचीही हीच गत आहे. प्लग बसतो, लिंकचा दिवा लागतो आणि तरीही फाइल कॉपी होत नाही. म्हणून या कामात एक नियम धरून चाला: एका सेगमेंटमध्ये, म्हणजे केबलच्या एका सलग पट्ट्यात, एकाच जातीची केबल, आणि जिथे जात बदलते तिथे दोन्हीकडचे सिग्नल समजणारं, विजेवर चालणारं उपकरण. निव्वळ ॲडॉप्टरवर भागतं असे प्रसंग मोजकेच आहेत. ते पुढे येतील.

आधी केबल वाचा

मल्टिमीटर हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. प्रत्येक केबल कुठून कुठे जाते, दोन्ही टोकांना कोणता कनेक्टर आहे, अंदाजे किती मीटर आहे आणि बाहेरच्या आवरणावर काय छापलंय, हे चारही रकाने भरा. एकाच केबलचं छापील नाव दोन्ही टोकांना वाचा. छतात किंवा भिंतीत कुणीतरी जोड दिलेला असेल तर तो बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो, कारण एका टोकाला आरजी-५८ आणि दुसऱ्याला आरजी-५९ दिसते.

अक्षरं पुसली असतील तर व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजा. आरजी-५८ सुमारे ५ मिमी भरते, आरजी-५९ आणि आरजी-६२ सुमारे ६ मिमी. या दोघींमधला फरक कापलेल्या टोकात दिसतो: आरजी-६२ मध्ये मधल्या तारेभोवती पोकळी असते आणि तारेला एक धागा गुंडाळलेला असतो. आरजी-५९ मध्ये तार आणि जाळी यांच्यामधली जागा प्लास्टिकने भरलेली असते. जाड इथरनेटची, म्हणजे १०बेस-५ ची केबल ओळखायला काहीच त्रास नाही. बोटभर जाड, बहुधा पिवळी, दर २.५ मीटरवर काळा पट्टा.

क्रिम्पिंग, म्हणजे साच्यात दाबून बसवलेला कनेक्टर, तोसुद्धा तपासा. आरजी-५८ च्या रिंगेला सुमारे ५.४ मिमीचा षट्‌कोनी साचा लागतो, आरजी-५९ आणि ६२ ला सुमारे ६.५ मिमीचा. मोठ्या साच्यात दाबलेली आरजी-५८ हाताने हलकेच फिरवली तर कनेक्टरमध्ये फिरते. तसा कनेक्टर कापून नवा लावा, परत दाबून काही साधत नाही.

७५ ओहमचा तुकडा नेमकं काय बिघडवतो

सिग्नल ५० ओहमच्या केबलमधून ७५ ओहमच्या केबलमध्ये शिरताना त्याचा काही भाग मागे परततो. किती, ते दोन्ही आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज एवढं. ७५ वजा ५० म्हणजे २५, भागिले १२५, म्हणजे व्होल्टेजचा पाचवा हिस्सा. ९३ ओहमच्या केबलवर हाच हिस्सा ३० टक्क्यांवर जातो. आणि तुकडा मध्ये असेल तर शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा, असं दोनदा परावर्तन होतं. तीन-चार मशीन आणि वीसेक मीटर केबल असेल तर कार्डं हे सोसून घेतात. पुढे दहा मशीन वाढतात, केबल लांबते आणि दोष नव्या मशीनवर ढकलला जातो. जुना तुकडा मात्र जागचा हलत नाही.

टर्मिनेटरची, म्हणजे केबलच्या टोकाला सिग्नल शोषायला लावलेल्या रोधकाच्या टोपीची, गोष्ट याहून नाजूक आहे, आणि ती समजून घेतली की निम्मे दोष जागेवर कळतात. १०बेस-२ चं, म्हणजे बारीक कोॲक्सवरच्या इथरनेटचं, कार्ड पाठवताना केबलमध्ये सरासरी ३७ ते ४५ मिलिॲम्पिअर प्रवाह सोडतं. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर असले की कार्डाला ते समांतर, म्हणजे २५ ओहम दिसतात, आणि केबलवर सरासरी सुमारे १ व्होल्ट (उणे बाजूला) तयार होतो. दोन मशीन एकदम बोलली की हा आकडा दुप्पट होतो. साधारण दीड व्होल्टच्या आसपास कार्ड ठरवतं की टक्कर झाली.

आता एक टर्मिनेटर निघाला तर कार्डाला ५० ओहम दिसतात आणि एकट्या मशीनचाच सिग्नल जवळजवळ २ व्होल्टवर जातो. प्रत्येक फ्रेम (डेटाचा एक गठ्ठा) टक्कर समजली जाते आणि सगळं नेटवर्क एकदम बंद पडतं. हा दोष तरी लपत नाही. दोन्ही टोकांना टीव्हीचे ७५ ओहमचे टर्मिनेटर असतील तर कार्डाला ३७.५ ओहम दिसतात आणि सरासरी व्होल्टेज बरोबर उंबरठ्यावर येतं: ३७ मिलिॲम्पिअरच्या कार्डाला १.३९ व्होल्ट, ४५ च्या कार्डाला १.६९. म्हणजे काही मशीन चालतात, काहींना सतत टक्कर दिसते. कार्डं अदलाबदल केली की दोष कार्डाबरोबर फिरतो, म्हणून लोक कार्डालाच दोष देतात.

मल्टिमीटरने कोॲक्स तपासण्याची पद्धत

१. सगळी मशीन बंद करा, हबचीही वीज काढा. चालू कार्डाच्या व्होल्टेजमुळे आकडा चुकतो.

२. मधल्या कुठल्याही कार्डावरून टी-कनेक्टर काढा. टी च्या दोन्ही बाजूंच्या केबल तशाच ठेवा.

३. मोकळ्या झालेल्या तोंडात मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात ओहम मोजा.

२५ च्या आसपास आलं तर टर्मिनेटर आणि सलगता ठीक. लांब केबलवर तारेचा स्वतःचा रोध मिसळून २६-२७ दिसतं, ते चालतं. ५० किंवा थोडं जास्त म्हणजे एक टर्मिनेटर नाही, किंवा एका बाजूला तार तुटली आहे. ३० म्हणजे एक टर्मिनेटर ५० चा आणि एक ७५ चा. ३७-३८ म्हणजे दोन्ही ७५ चे. ४६ च्या आसपास म्हणजे दोन्ही ९३ चे. १७ म्हणजे तीन टर्मिनेटर लागलेत. हबच्या बीएनसी पोर्टात आतच टर्मिनेटर असतो आणि बाहेरून आणखी एक लावला की हे होतं. शून्याजवळ म्हणजे कुठेतरी जाळीचा केस मधल्या पिनेला टेकला आहे.

४. आकडा हलतो का ते बघा. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला प्रत्येक कनेक्टर हळूच वाकवायला सांगा. जिथे आकडा उडी मारतो तो कनेक्टर कापा.

५. आकडा ठीक आहे पण नेटवर्क चालत नाही, तर केबल मधल्या टीपाशी सोडवून दोन्ही तोंडांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावा आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे चालवून बघा. बिघडलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. तीस मशीनच्या सेगमेंटमध्ये पाच वेळा विभागलं की दोषाची जागा हाती येते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: मध्ये शिरलेला आरजी-५९ चा तुकडा मल्टिमीटरला दिसत नाही. मीटर डीसी रोध मोजतो आणि ७५ ओहम ही केबलची इम्पीडन्स आहे, ती डीसीवर उमटत नाही. तो तुकडा आवरण वाचून, अर्ध्या-अर्ध्याची पद्धत वापरून किंवा टीडीआर मीटरने (तो केबलमध्ये ठोका सोडून परावर्तन मोजतो) सापडतो.

मापं सोबत तपासून घ्या. १०बेस-२ चा सेगमेंट १८५ मीटरपर्यंत, त्यात जास्तीत जास्त ३० जोड, दोन टींमध्ये किमान अर्धा मीटर. टी थेट कार्डाच्या मागे बसली पाहिजे. टी टेबलाखाली ठेवून तिथून कार्डापर्यंत एक-दोन मीटरची केबल ओढलेली दिसली तर ती फांदी ताबडतोब काढा. इम्पीडन्स बरोबर असली तरी फांदीच्या टोकाहून परावर्तन होतंच. अर्थिंग फक्त एकाच ठिकाणी. बाकी सगळ्या कनेक्टरांची कवचं मशीनच्या पत्र्यापासून आणि पाइपांपासून अलग ठेवा, त्यासाठी प्लास्टिकच्या टोप्या मिळतात.

कोॲक्स आणि ट्विस्टेड पेअर

बीएनसी ते आरजे-४५ असा छोटा ॲडॉप्टर किंवा बलून (इम्पीडन्स जुळवणारी तांब्याची गुंडाळी) वापरून १०बेस-२ आणि ट्विस्टेड पेअरवरचं १०बेस-टी जोडता येत नाही. कोॲक्सवर जाणं-येणं एकाच तारेवरून होतं आणि टक्कर व्होल्टेजवरून कळते. १०बेस-टी मध्ये पाठवायची जोडी वेगळी (पिन १-२), घ्यायची वेगळी (३-६), आणि शांततेतही दर १६ मिलिसेकंदांच्या आसपास लिंकचा ठोका द्यावा लागतो. हे भाषांतर तांब्याच्या गुंडाळीला जमत नाही. इथे बीएनसी पोर्ट असलेला हब किंवा मीडिया कन्व्हर्टरच (एका जातीच्या केबलचा सिग्नल दुसरीवर नेणारी पेटी) लागतो. एका मशीनमध्ये बीएनसी आणि आरजे-४५ दोन्ही असलेलं कॉम्बो कार्ड आहे म्हणूनही दोन बाजू जोडल्या जात नाहीत: त्याचा एका वेळी एकच पोर्ट चालू असतो. तो कोणता, हे बहुधा कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅममध्ये ठरतं. केबल बदलल्यावर कार्ड गप्प असेल तर आधी तिथे बघा.

कन्व्हर्टर स्विचला जोडताना स्विचचा पोर्ट ऑटोवर राहू द्या. साधा कन्व्हर्टर वेगाची बोलणी करत नाही. स्विच १० मेगाबिट ओळखतो आणि हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच बाजू बोलते) उतरतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजू एकदम बोलतात) जबरदस्तीने लावलंत तर कोॲक्सवरच्या टकरी स्विचला कळणारच नाहीत. नव्या स्विचच्या काही पोर्टांवर, विशेषतः १० गिगाबिटच्या, १० मेगाबिटचा वेगच नसतो. तेव्हा मध्ये एक जुना १०/१०० स्विच ठेवा.

हबमागून हब लावलेले असतील तर ५-४-३ चा हिशेब करा: कुठल्याही दोन मशीनांच्या वाटेत जास्तीत जास्त पाच सेगमेंट, चार रिपीटर किंवा हब, आणि मशीन जोडलेले कोॲक्स सेगमेंट तीनच. १० मेगाबिटवर सगळ्यात छोटी फ्रेम ५१.२ मायक्रोसेकंदांत पाठवून होते, आणि टकरीची बातमी त्याच्या आत परत यायला हवी. वाट लांबली की ती उशिरा येते आणि काउंटरवर लेट कोलिजन, म्हणजे उशिरा कळलेल्या टकरी, दिसू लागतात. मध्ये एक स्विच टाकला की हिशेब तिथून नव्याने सुरू होतो. जुनं जपायचं असेल तर आमचा कौल स्पष्ट आहे: कोॲक्सचा प्रत्येक सेगमेंट स्वतःच्या कन्व्हर्टरमार्फत स्विचच्या स्वतंत्र पोर्टावर आणा, कोॲक्सला कोॲक्स जोडत बसू नका.

१५ पिनांचा एयूआय पोर्ट आणि बाहेरचा ट्रान्सिव्हर, म्हणजे केबलवर सिग्नल पाठवणारी-घेणारी डबी, असेल तर त्यावरचा एसक्यूई, म्हणजे हार्टबीटचा बारीक स्विच बघा. ट्रान्सिव्हर रिपीटरला जोडलेला असेल तर तो बंदच हवा, कारण रिपीटर त्या ठोक्याला टक्कर समजतो. मशीनला जोडलेला असेल तर मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा.

आरजे-४५ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका

दोन उपकरणं आपापसांत वेग ठरवतात तेव्हा ती फक्त एकमेकांची क्षमता विचारतात. मधली केबल कोणती आहे, हे कुणीच तपासत नाही. कॅट-३ वर, म्हणजे १० मेगाबिटपुरत्या जुन्या ट्विस्टेड पेअरवर, दोन १०० मेगाबिटची उपकरणं जोडली की १०० चीच लिंक लागते आणि मग फ्रेम तुटू लागतात. कॅट-३ ठेवायचीच असेल तर पोर्टाची ऑटो बोलणी चालू ठेवून जाहीर करायचे वेग १० पुरते मर्यादित करा. एका बाजूला वेग आणि फुल डुप्लेक्स पक्कं बांधून दुसरी ऑटोवर सोडली तर ऑटोवाली बाजू हाफवर जाते. मग तिच्यावर लेट कोलिजन आणि समोरच्या फुल बाजूवर सीआरसी चुका (फ्रेम वाटेत बिघडल्याची खूण) दिसतात. ही जोडगोळी दिसली की केबल सोडा, आधी डुप्लेक्स जुळवा.

प्लग डोळ्यांनी तपासण्याची सवय लावा. खिट्टी पलीकडे, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे, केबल खाली: डावीकडची पहिली पिन. ५६८-बी या रंगमानकाचा क्रम पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आता कुणी सरळ हिशेबाने जोड्या शेजारी-शेजारी लावल्या असतील, म्हणजे पिन ३ ते ६ ला पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, तर पिन ३ ला पांढरा-हिरवा आणि पिन ६ ला निळा येतो. म्हणजे एकाच सिग्नलच्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांतून जातात. दिवे लागणारा साधा टेस्टर आठही तारा बरोबर आहेत असंच सांगतो, कारण दोन्ही टोकं सारखीच चुकली आहेत. १० मेगाबिट थोड्या अंतरावर चालून जातं, १०० वर पिळाचा आधार नसल्याने शेजारच्या जोडीचा आवाज आत घुसतो. उपाय एकच, दोन्ही प्लग कापून नव्याने लावा आणि पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका.

जुन्या टेलिफोनच्या जोडणीतही असाच सापळा आहे. तिथे आठ पिनांचं सॉकेट मधून बाहेर असं वायर केलेलं असतं: ४-५, ३-६, २-७, १-८. इथरनेटच्या १-२ ला अशा सॉकेटवर एक जोडी मिळतच नाही. सॉकेट उघडून तारा पुन्हा पंच करा. टेलिफोनची चपटी, पीळ नसलेली दोरी पॅच कॉर्ड म्हणून दिसली तर ती फेकून द्या; दोन मीटरचीही चालवून घेऊ नका. आरजे-११ चा प्लग आरजे-४५ सॉकेटात घातल्याने कडेच्या पिना वाकतात, म्हणून टॉर्च मारून सॉकेट पाहा.

एकाच चार-जोडी केबलवर दोन मशीन चालवायची जुनी काटकसर गिगाबिट आल्यावर अडते. बोलणी १-२ आणि ३-६ वर होतात, त्यामुळे दोन्ही टोकं १००० वर राजी होतात. पण १०००बेस-टी ला चारही जोड्या लागतात, आणि लिंक लागत-तुटत राहते. वेग १०० वर बांधा किंवा दुसरी केबल ओढा.

प्लगच्या दातांचाही विचार करा. बारीक तारांच्या लवचिक केबलसाठीचा प्लग तारांच्या मधोमध भोसकतो, अखंड तारेसाठीचा तिच्या दोन्ही बाजूंना धरतो. चुकीचा प्लग पहिल्या दिवशी पास होतो आणि काही महिन्यांनी, तापमान आणि धक्क्यांनी सैल होऊन, अधूनमधून तुटू लागतो. एका टोकाला ५६८-ए आणि दुसऱ्याला ५६८-बी असेल तर ती क्रॉस केबल होते. नवी उपकरणं ते आपोआप सांभाळून घेतात, जुने हब आणि कार्डं नाही.

आयबीएमची १५० ओहमची जाड टाइप-१ केबल भिंतीत असेल तर मात्र बलून चालतो, कारण दोन्हीकडे जोड्याच आहेत, फक्त इम्पीडन्स १०० आणि १५० अशी वेगळी. दोन्ही टोकांना एकेक बलून लावून १० मेगाबिट इथरनेट ठीक जातं. १०० साठी त्या वेगाचा म्हणून विकलेला बलूनच घ्या. पण टोकन रिंग या वेगळ्या जुन्या नेटवर्कचं कार्ड आणि इथरनेटचा स्विच याने जोडला जाणार नाही: रिंग ३-६ आणि ४-५ वापरते आणि तिची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे.

फायबर

जुनी केबल ६२.५/१२५ ची (गाभा आणि आवरण, मायक्रोमीटरमध्ये), नवी कॉर्ड ५०/१२५ ची, हे नेहमीचं. प्रकाश ५० मधून ६२.५ मध्ये जाताना फारसं बिघडत नाही. उलट दिशेने मात्र ४ डेसिबलच्या घरात नुकसान होऊ शकतं. म्हणून एका दिशेला लिंक दिसते आणि दुसरीला नाही, असं झालं तर आधी कॉर्ड बघा. रंगावर जाऊ नका, ६२.५ आणि जुनी ५० दोन्ही नारंगी असतात, छापलेलं वाचा. पिवळी सिंगलमोड कॉर्ड (अगदी बारीक गाभ्याची) मध्ये घुसली तर मल्टिमोडमधून, म्हणजे वरच्या दोन्ही जातींतून, तिच्यात शिरताना सुमारे २० डेसिबल जातात, म्हणजे लिंक संपलीच.

१०बेस-एफएल ८५० नॅनोमीटरवर चालतं, १००बेस-एफएक्स १३०० वर. एसटी कनेक्टर दोन्हींवर दिसतो, पण ही उपकरणं एकमेकांना ओळखत नाहीत. २ किलोमीटरची जुनी ६२.५ ची लिंक तशीच गिगाबिटवर नेता येईल अशी आशा धरू नका: १०००बेस-एसएक्स त्यावर २२० ते २७५ मीटरच जातं. १०००बेस-एलएक्स वापरणार असाल तर ५५० मीटरपर्यंत चालेल, पण दोन्ही टोकांना मोड कंडिशनिंग कॉर्ड लावा.

दोन इमारतींमध्ये तांब्याची कुठलीही केबल असेल तर ती फायबरने बदला. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असतो, तो जाळीतून वाहतो आणि वीज कडाडली की पोर्ट जळतात.

बदल केल्यावरची चाचणी

विंडोजमधलं साधं पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी आज्ञा) ३२ बाइटचं असतं. इतकी छोटी फ्रेम खराब केबलवरूनही बऱ्याचदा निसटून जाते. पॅकेट १४७२ बाइटचं करा, म्हणजे हेडर धरून पूर्ण १५०० भरतात, आणि १००० वेळा पाठवा. आधी स्विचच्या त्या पोर्टाचे काउंटर शून्य करून घ्या. चांगल्या ट्विस्टेड पेअरवर सीआरसी चुका शून्यच हव्यात, दोन-चारही नाहीत. कोॲक्सवर टकरी दिसणारच, त्या साहजिक आहेत. लेट कोलिजन मात्र एकही नको. दुसऱ्या दिवशी, सगळी मशीन कामात असताना, काउंटर पुन्हा वाचा आणि आकडे त्या केबलच्या रकान्यासमोर तारखेसह लिहा.